गुलाबी चिठ्ठी

मास्तरीण घाबरली की नखं कापायची. कापलेलीच पुन्हा कापायची. युनिव्हर्सिटीत शिकवायला जायचं ठरलं त्या आठवड्यात तिच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. तिची आई आतून ओरडायची, "अगं, बोटं तरी ठेव! कॉम्प्युटर काय कोपराने चालवणार आहेस?"

चिंचपोकळीला ती आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. मास्तरीण हे नाव चाळीने तिला नोकरीच्या आधीच चिकटवलं होतं. कुणाला फोनमधलं काही अडलं की ती फोन हातात घ्यायची नाही, त्याच्याकडूनच करवून घ्यायची. "मी करून दिलं तर मला येईल. मला तर येतंच," म्हणायची.

काम आठवड्यातून दोन दिवसांचं होतं. संशोधन करणाऱ्या मुलांना कॉम्प्युटरकडून आपलं काम कसं करवून घ्यायचं ते शिकवायचं. पण आधी एक तास शिकवून दाखवायचा, मागे विभागाच्या मोठ्या मॅडम बसणार, आणि मग ठेवायचं की नाही ते ठरणार. तिची आधीची नोकरी सुटली होती, वडील गेल्यापासून घर तिच्यावरच होतं.

सरावाला तिने मला धरलं. "मावशी, तुम्ही चौथी शिकलात. तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर लागलं असतं. दुपारी गॅलरीत मी मेथी निवडायची आणि ती समोर लॅपटॉप मांडायची. मला तिने दोन चिकट चिठ्ठ्या दिल्या होत्या, एक हिरवी नि एक गुलाबी. कळलं तर हिरवी लॅपटॉपला लावायची, अडलं तर गुलाबी. वर्गातही ती असंच करणार होती. "तोंडाने काही बोलायचं नाही, म्हणजे लाजायचं कारणच नाही."

तरी मी लाजले. शेवटच्या दुपारी तिने एक यादी उघडून दाखवली, तेव्हा मध्येच तिची बोटं भराभर काहीतरी करून गेली. ते मला कळलं नाही. गुलाबी चिठ्ठी माझ्या हातात होती. पण तिच्या बोटांवरच्या पट्ट्या दिसल्या, उद्याचा तिचा तास आठवला, आणि मी हिरवी लावली. शाळेतही मी हेच करायची. बाई विचारायच्या, कळलं? मी मान हलवायची.

दुसऱ्या संध्याकाळी ती आली ती गॅलरीतच बसली, चपलांसकट.

"मावशी, वीस मुलं. वीसच्या वीस गुलाबी."

यादी कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते कॉम्प्युटरला आधी सांगावं लागतं. ती पायरी तिच्या बोटांच्या इतकी सवयीची, की तोंडाने सांगायचीच राहिली. कुणाचीच यादी उघडेना. मोठ्या मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. 

मी तिच्याजवळ खाली बसले. "काल तुझी बोटं मध्येच काहीतरी करून गेली, ते मला दिसलं होतं गं. तरी मी हिरवी लावली. घाबरले."

"कुणाला?"

"तुला."

"मला? मला घाबरणारं माणूस आहे मुंबईत?" मग हसली, आणि ओढणीने डोळे पुसले.

"मग काय केलंस?"

"काय करणार! एक गुलाबी चिठ्ठी माझ्याच लॅपटॉपला लावली. म्हटलं, मीच अडकलेय, शोधा कुठे ते." मागच्या बाकावरच्या एका मुलीला सापडलं.

आठ दिवस आम्ही दोघींनी धड जेवण केलं नाही. मग पत्र आलं, तिला ठेवलं होतं. नखं कापणं मात्र सुटलं नाही. विचारलं तर म्हणायची, "भीती कुठे जाते, मावशी? बसमध्ये तिचंही तिकीट काढते."

गेल्या वर्षी ती हैदराबादला पूर्णवेळ नोकरीवर गेली. निघताना माझ्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. सगळ्या गुलाबी. "हिरव्या मुद्दामच दिल्या नाहीत," म्हणाली.

परवा परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर माझा रिपोर्ट हातात धरून भराभर बोलत होते. गाठ, तुकडा, तपासणी, पुढची तारीख. "कळलं ना?" माझी मान हलायला लागली होती. पिशवीत बोटांना तो गठ्ठा लागला.

"नाही कळलं," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "कुठून नाही कळलं?"

"पहिल्यापासून."