डाव्या हाताचं अक्षर

निवृत्तीनंतर खून-दरोडे बरेचसे विसरलो, पण एका शाळेच्या कपाटाचा उचकटलेला कोयंडा अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी शिरूर तालुक्यात सहायक निरीक्षक होतो. सोमवारी सकाळची हजेरी संपते न संपते तोच दौंडच्या रस्त्याकडच्या एका गावातले मुख्याध्यापक ठाण्यात आले. रविवारी कुणीतरी शाळा फोडली होती. काय गेलं विचारलं, तर म्हणाले, "चौथीच्या पेपरांचा गठ्ठा." सरकारी चाचणीचे, मुलांनी सोडवलेले पेपर होते ते. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून पथक येऊन त्यांची पडताळणी करणार होतं.

पंचनाम्याला गेलो. टीव्ही जागेवर, पोषण आहाराच्या तांदळाची पोती जागेवर. आमचे हवालदार मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "साहेब, चोर चौथी नापास असंल का?" मला हसू आलं नाही. पडताळणीच्या तोंडावर पेपर गायब झाले की पहिला संशय घरच्याच माणसावर जातो. मुख्याध्यापकांना तासभर उलटसुलट विचारलं. त्यांना घाम फुटला, पण जबाब फिरला नाही. ते घाबरले होते हे खरं, मात्र ती भीती चोरीची नव्हती. कशाची, ते मला तेव्हा कळलं नाही.

खबर दिली ती खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. भांडी घासता घासता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "माझं नाव घिऊ नका साहेब. काल समदं गाव बाजाराला गेल्यालं, तवा मळ्यावरचा एकजण पहार घिऊन हिकडं आल्ता. त्याची पोरगी चौथीत हाय. पर चोर न्हाई वो तो."

या माणसाचा बाप मेंढरं वळायचा. हा स्वतः कुरकुंभला एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. पहिली पाळी करून घरी आला तेव्हा आम्ही त्याच्या ओट्यावरच बसलो होतो. दरडावायची वेळच आली नाही. "म्याच नेलं," म्हणाला, आणि ज्वारीच्या कोठीतून गठ्ठा काढून माझ्यापुढं ठेवला. "एक बी पान फाडल्यालं न्हाई. बघून घ्या."

"कशाला हा उद्योग केलास?"

"पोरीला वाचता येत न्हाई साहेब. शाळंच्या कागदावर लिव्हलंय, येतंय म्हनून. ज्याला मार्क कमी, त्यालाच जादा तास. हिला मार्क चांगलं, मंग हिला तास न्हाई. तीनदा हात जोडलं. म्हटलं, पेपर तरी दावा. तर म्हंत्यात, पालकाला दावत न्हाईत. उद्या पुण्याचं साहेब येनार हायती, त्यांच्याम्होरं ठिवनार व्हतो."

पोरगी दाराआड उभी होती. तिला जवळ बोलावलं, तिचाच पेपर पुढं धरला आणि एक ओळ वाचायला सांगितली. तिनं शब्दांवर बोट फिरवत घडाघडा म्हणून दाखवलं. छापलं होतं विहिरीबद्दल, आणि ही म्हणत होती पुस्तकातली पाठ केलेली कविता. वर मलाच म्हणाली, "मला येतंय. रिपोर्टवर लिव्हलंय की."

मी गठ्ठा चाळला. वर्गातल्या अकराच्या अकरा मुलांच्या पेपरांत डावीकडं कललेलं एकच अक्षर होतं. अकराही पेपरांत वजाबाकीचं तेच गणित चुकलं होतं, आणि उत्तरही तेच. वर्गाच्या बाईंना बोलावून घेतलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "सर, वळण ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिते. सगळंच बरोबर आलं तर संशय येतो, म्हणून एक गणित चुकवते." एका खोलीत दोन वर्ग, त्यात सर्वेक्षणं, मतदारयाद्या. मागच्या वर्षी निकाल कमी लागला म्हणून त्यांना नोटीस आली होती. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मुलांना येत नाही असं लिहिलं, तर मलाच शिकवता येत नाही असं होतं." मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

ओट्यावर मी जप्ती पंचनामा लिहायला घेतला, तसा तो माणूस पुढं आला. "साहेब, माझ्यावं काय ती केस घाला. उद्याच्या दिस गठ्ठा ऱ्हाऊ द्या. ते साहेब बघू द्यात, मंग न्या."

"तसं चालत नाही," मी म्हणालो. कायद्यानं चालत नव्हतंच. गठ्ठ्याला लाखेचं सील मारलं आणि तो मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात दिला.

मंगळवारी पथक आलं. मी जे पाहिलं ते लेखी कळवलं. पथकातले साहेब म्हणाले, "मूळ पेपर दाखवा." सील फोडायला न्यायालयाची परवानगी लागते आणि पथकाला त्याच दिवशी अजून दोन शाळा करायच्या होत्या. त्यांनी शेरा मारला: उत्तरपत्रिका पोलिसांच्या ताब्यात असल्याने पडताळणी झाली नाही, नोंदवलेले गुण कायम. पुढं मी शिक्षण विभागाला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. ठेकेदारानं मात्र गुन्हा दाखल झाल्याचं कळताच त्या माणसाचा गेटपास काढून घेतला, म्हणजे कामच गेलं.

खटला उभा राहिला तोवर पोरगी सातवीत गेली होती. आरोपीच्या वकिलांनी तिला साक्षीला आणलं. बापानं चोरी कशापायी केली ते न्यायालयाला कळावं, एवढाच हेतू. पेपर तिच्या हातात दिला. सरकारी वकिलांनी विचारलं, "यावर नाव कुणाचं आहे?"

सबंध कागदावर तिला वाचता येणारी तेवढीच एक गोष्ट होती. "माझं," ती म्हणाली.

"मग पेपर तुझाच ना?"

"व्हय. माझाच हाय." चेहऱ्यावर आनंद होता तिच्या. बापानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

नंतर माझी साक्ष झाली. पेपरांतल्या अक्षराबद्दल अक्षरतज्ज्ञाचा अहवाल घेतला का, असं आरोपीच्या वकिलांनी मला विचारलं. नव्हता घेतला. बाईंचा जबाबही कागदावर आणला नव्हता. गुन्हा चोरीचा होता, चोर कबूल होता, मुद्देमाल हातात होता. माझा तपास पूर्ण झाला होता, कपाळ माझं. त्याला दंड होऊन तो सुटला, पण नावापुढं गुन्हेगार असा शेरा लागला तो कायमचा.

चांगल्या तपासाबद्दल मला त्या वर्षी प्रशस्तिपत्र मिळालं. इतक्या नोकरीत या एका केसनं शिकवलं ते असं की नियमानं वागूनही माणूस एखाद्या पोरीच्या तोंडावर दार लावू शकतो, आणि त्याची कुठं नोंदही होत नाही. त्या पंचनाम्याची प्रत अजून माझ्याकडं आहे. शेवटची ओळ अशी आहे: अकरा उत्तरपत्रिका, सर्व सुस्थितीत मिळून आल्या. ते अक्षर माझं आहे, उजव्या हाताचं.