मनीषा सिस्टरची ओव्हर

"मान वर! पुन्हा मान वर!"

मी ओरडलो तोवर बॉल गटरमध्ये गेला होता. गटर म्हणजे बॉल घरंगळतो त्या लेनच्या दोन्ही कडांची पन्हळ. त्यात बॉल पडला की शून्य.

मुलुंडच्या एका मॉलमधल्या अ‍ॅलीत मी निवृत्तीनंतर बोलिंग शिकवतो. क्रिकेटची नव्हे, दहा पिना पाडायची. बॉल टाकणारी होती मनीषा. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात आयसीयूची नर्स. हात असा सरळ की बघत राहावं. पण रविवारी राज्याच्या महिला संघाची ट्रायल होती आणि बाईची मान काही खाली राहत नव्हती.

बॉल टाकायच्या आधीचे चार-पाच क्षण हाच आमचा सगळा खेळ. बॉल पुसायचा. ब्लोअरवर हात कोरडा करायचा. पाय ठरलेल्या ठिपक्यावर. नजर पिनांवर नाही, लेनवर थोड्या अंतरावर बाण काढलेले असतात, त्यातल्या आपल्या बाणावर. श्वास सोडायचा आणि निघायचं. मनीषा हे सगळं अगदी नीट करायची. शेवटच्या पावलाला मात्र मान झटकन उचलायची. खांदा हलला की बॉल गेला कुठच्या कुठे.

"लक्ष कुठे असतं गो तुझं?"

"बाणावरच असतं सर."

"बाणावर? मग बॉल काय मी टाकला गटरात?"

तिने बॉल पुसायला घेतला. मग हळूच म्हणाली, "सर, आधीच्या दोन्ही ट्रायलना थोडक्यात राहिले. आता अडतीसची झालेय. इन्चार्जशी भांडून रजा घेतलीय. या वेळी नाही झालं तर बॉल विकून टाकणार."

माझा राग तिथेच उतरला. गोंगाटाने होत असेल म्हणून मी दुकानातून कानात घालायचे बोळे आणले. ते घातल्यावर तर तिने आणखी वाट लावली. म्हणाली, "काही ऐकू येत नाही ना, त्याचीच भीती वाटते."

मी डोकं धरून बसलो.

शेवटी मोबाइलवर तिचं शूटिंग केलं आणि आम्ही दोघं बाकावर बसून बघायला लागलो. तिसऱ्या बॉलला माझ्या लक्षात आलं. मान उचलायच्या जरा आधी मागून आवाज येत होता. टिंग टिंग टिंग. आमच्या मागेच मुलांचे गेम आहेत. तिथलं बास्केटबॉलचं मशीन वेळ संपली की असं वाजतं. मशीन गप्प असेल तर मान खाली. वाजलं की वर.

मनीषाने कपाळावर हात मारला. "अयाई गं! आमच्या व्हेंटिलेटरचा अलार्म सेम असाच वाजतो सर."

म्हणजे बाईचं लक्ष उडत नव्हतंच. नोकरीने तिला जिथे लक्ष द्यायला शिकवलं होतं, तिथे ते बरोब्बर जात होतं. आता असलं लक्ष मोडायचं कसं? आणि मोडायचं तरी का? उद्या मीच तिच्या वॉर्डात असलो तर?

मी मॅनेजरकडे गेलो. "ट्रायल इथेच होणार, तेवढ्यापुरतं ते बास्केटबॉलचं मशीन बंद ठेव ना."

"रविवारी? सर, येडे झालात काय?"

परत येऊन मनीषाला विचारलं, "ड्यूटी संपल्यावर तू वॉर्डातून निघतेस. मागे अलार्म वाजत असतातच ना? तेव्हा?"

"तेव्हा नाही वळत मान. ओव्हर दिलेली असते ना."

ओव्हर म्हणजे काय ते तिनेच समजावलं. शिफ्ट बदलताना जाणारी नर्स येणारीला एकेक पेशंट सांगते. कोण कसा आहे, कुठे नजर ठेवायची. येणारीने ओव्हर घेतली की जबाबदारी तिची. मग बाजूच्या खोलीत चहा पिताना अलार्म वाजला तरी मनीषा कप खाली ठेवत नाही.

"मग मला दे ओव्हर," मी म्हटलं.

ती हसली. पण उठली, बॉल पुसला आणि म्हणाली, "मागे मशीन वाजतंय. मुलगी घरी एकटी आहे. गुडघा ठणकतोय."

"घेतली. जा."

ती दोन पावलं गेली आणि परत आली. "सर, तुम्ही माझ्याकडेच बघताय. अशी ओव्हर घेतात? तिकडे कोण बघणार?"

झालं! मी पाठ फिरवली आणि बास्केटबॉलच्या मशीनकडे तोंड करून उभा राहिलो. ते वाजलं. पाठोपाठ पिनांचा दणका. वळून बघतो तर दहाच्या दहा आडव्या. त्या दिवशी तिची मान पुन्हा वर गेली नाही.

रविवारी ट्रायल आमच्याच अ‍ॅलीत. निवड समितीच्या राणे मॅडम मला बघून म्हणाल्या, "सर, तुमची खेळाडू इकडे खेळतेय. तुम्ही तिकडे काय बघताय?"

"ड्यूटीवर आहे मॅडम."

एका जागेसाठी दोघी उरल्या. दुसरीचा खेळ संपला होता. मनीषाची शेवटची फ्रेम, म्हणजे शेवटची पाळी. पहिल्या बॉलने नऊ पिना गेल्या. उजव्या कोपऱ्यातली एक उभी राहिली. उजव्या हाताने खेळणाऱ्याला हीच पिन सगळ्यात जास्त छळते. ती पाडली तर संघात, नाहीतर घरी.

मनीषाने माझ्याकडे बघितलं. "मशीन. मुलगी. गुडघा. आणि भीती वाटतेय सर."

"सगळं घेतलं. जा तू."

मी पाठ फिरवली, आणि नेमका तेव्हाच पॉपकॉर्नच्या काउंटरवर धूर झाला. छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. लोक उठले, कोणाची तरी मुलगी रडायला लागली. माझी मान मागे वळायला बघत होती. पण ओव्हर घेतली होती. मी त्या धुराकडेच बघत राहिलो. काउंटरवरच्या पोराने पॉपकॉर्नचं मशीन बंद केलं, जळके पॉपकॉर्न बादलीत ओतले.

मागे खट्ट झालं. एकदाच.

मग टाळ्या. मनीषा धावत आली आणि पहिलं काय विचारलं असेल?

"काय झालं सर? कोणाला लागलं का?"

"पॉपकॉर्न करपले. बाकी सगळं ठीक. पिन पडली का?"

"पडली," ती म्हणाली आणि बाकावर बसून ढसाढसा रडली. मीही बसलो. इतकं हलकं मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

आता नवीन पोरं विचारतात, "सर, बॉल टाकताना एकाग्रता कशी आणायची?" मी सांगतो, मागे बघणारं भरवशाचं एक माणूस ठेवा. फक्त ते माणूस मला करू नका. मनीषाचा तो बॉल सगळ्या अ‍ॅलीने बघितला, मी सोडून.