छाती आबांची, नाव माझं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगतोय, तर आधीच बजावतो — मला माफी नको, आणि कपाळाला आठ्या घालणाऱ्यांची पर्वाही नाही.

डाळजमध्ये मला मान आहे. कुणाची सून गरोदर असली की आशाताई तिच्या नवऱ्याला माझ्याकडं घेऊन येतात — "ह्यांना इचारा. लेक छातीवर जगवलीय ह्यांनी." मग मी बोलतो. झकास बोलतो! शर्ट काढून बाळ उघड्या छातीशी कसं धरायचं, मान कशी सांभाळायची, वरून चादर कशी घ्यायची. दहा वर्षं हेच चाललंय.

आणि मी धरलंच नव्हतं.

लेक दिवस भरायच्या आधीच झाली, बारामतीच्या दवाखान्यात. दीड किलोची. बायकोला झटके आलेले, ती दुसऱ्या वॉर्डात बेशुद्ध. सिस्टर मला म्हणाल्या, "शर्ट काढा. आई शुद्धीवर येईपर्यंत हिला तुमचीच ऊब." दारात दुसऱ्या पेशंटांची अनोळखी चार माणसं; आमच्यापैकी फक्त आबा. त्यांची लाज वाटली म्हणू? ते तर होतंच. पण खरं सांगू — मी भ्यालो. माझ्या हातातच गेली तर? म्हणून म्हणालो, "मला खरूज झालीय."

सिस्टर दोन पावलं मागं सरल्या.

मग आबा उठले. माझे वडील. सत्तरीचे, उभी हयात मेंढरांमागं काढलेली. कोपरापर्यंत हात धुतले, सदरा उतरवला आणि म्हणाले, "आईनं टाकलेली कोकरं घोंगड्यात छातीशी धरून जगवल्यात म्या. आणा हिकडं." सहा दिवस बसले. ती त्यांच्या छातीवर निजायची आणि ते घशातल्या घशात हूं-हूं करायचे, कोकराला करतात तसं. मी बाहेर चहा पीत होतो.

गावी आल्यावर आशाताईंनी विचारलं, "कुणी धरलं हिला?" आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "बापानं. दुसरं कोण धरंल?"

कुणाच्या बापानं? ते खोटं बोललेच नव्हते. तो शब्द मी उचलला आणि आपल्या नावावर करून घेतला.

माझं ऐकून गावातल्या कितीतरी बापांनी शर्ट काढले, लेकरं धरली. त्याची मला लाज वाटत नाही, वाटणारही नाही. लाज वेगळीच आहे. लेक दोन वर्षांची असताना आबा गेले. त्यांना शेवटची अंघोळ घालताना त्या छातीवरून माझा हात फिरला, सगळी भावकी भोवती उभी होती — तेव्हाही मी गप्पच राहिलो.

परवा लेक चुलत्याच्या तान्ह्या पोराला खांद्यावर घेऊन निजवत होती. घशातल्या घशात हूं-हूं चाललेलं. मी विचारलं, "हे कुठं शिकलीस गं?"

"तुमच्याकडनंच की, पप्पा. तुमच्या छातीवर."

मला तो आवाज काढता येत नाही.