खुंटीवरचा डबा

देवमनमामा गेल्याचा निरोप मला अकोटच्या छापखान्यात मिळाला. रविवारच्या सभेची पत्रकं बांधून होत होती, वक्ता म्हणून त्यांचंच नाव... हृदय बंद पडलं. पुढे अकोल्यात शोकसभा झाली. तिथं एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, माणूस मोठा, पण जिभेवर ताबा नव्हता. सभेत माना हलल्या. त्या मानांसाठी हे लिहिते आहे.

माझे मामा खादाड नव्हते. मास्तरकी सांभाळून सुटीच्या दिवशी ते खेड्यांत पोरींच्या शिक्षणासाठी हिंडायचे, मी पत्रकं वाटायला सोबत. छातीत कळ आली तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून कोलेस्टेरॉल वाढल्याचं सांगितलं. तूप, मटण, अंडी बंद. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, ते थोडं चालेल, आधी वजन उतरवा. भाकरी, भात, साखर बंद. "दोघायचं ऐकलं त ताटात मुळाच उरते," मामा मामीला म्हणाले. मामी हसली नाही. तिनं खुंटीवरचा जर्मनचा कडीचा डबा काढला आणि दर दौऱ्याला त्यात उकडलेला दुधी भरून द्यायला लागली.

पातूरकडच्या एका गावात एका कास्तकारानं आम्हाला घरात नेऊन पंगतीला बसवलं. आमच्या समाजाचं माणूस तोवर त्या गावात सवर्णांच्या ओसरीपुढे गेलं नव्हतं. बौद्ध झालो म्हणून ओसरी काही सरकली नव्हती. घरच्या म्हातारीनं रोडगा फोडला आणि तुपाची धार धरली. मी म्हणाले, मामांना डॉक्टरांनी मना केलंय. तिचा हात तिथंच थांबला. "आमच्या घरचं चालत नसन तुमाले," ती कानकोंडी होऊन म्हणाली. मामांनी ताट पुढे सरकवलं. "वाढ, माय." डबा पिशवीत, त्यांच्या गुडघ्याला टेकलेला.

परतताना एसटीत मी त्यांच्याशी भांडले. डबा उघडायला काय झालं होतं? ते म्हणाले, "माहा बाप आपलं भांडं घेऊन दारोदार फिरे, पोरी. त्यानं ते फेकून देल्लं. आता मी डब्बा घेऊन बसू काय पंगतीत?"

आपल्या वस्तीत तरी सुटका होती का? तिथं मामांसाठी कोंबडी कापली जायची. नाही म्हटलं की ऐकावं लागे, मामा मोठे झाले, आता आपलं अन्न गोड लागत नाही. दोन्हीकडून ताट पुढे, आणि मध्ये हा माणूस. पथ्य पाळून ते जगले असते का, मला माहीत नाही. डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. पण हे पथ्य ज्यानं लिहिलं, त्याला कुणी ताटावरून उठवलेलं नसणार, एवढं मी छापून सांगते.

गेल्या आठवड्यात पातूरकडची ती म्हातारी एसटीनं भेटायला आली. मामीच्या गळ्यात पडून रडली, अगदी मनापासून. मामीनं तिच्यापुढे चहा ठेवला.

"उपास हाय माहा," म्हातारी म्हणाली.

उपासाला चहा चालतो. निरंकार, पाणीही न घेण्याचा असेलही... मामांचंही पथ्य खरंच होतं. मी तोंड उघडणार तोच मामीनं माझा हात दाबला.

ती गेल्यावर मामीनं गार चहा मोरीत ओतला. मग खुंटीवरचा डबा काढला. रिकामाच होता. तरी तिनं तो राखेनं घासला आणि पालथा घातला.