गोल्फचा चेंडू वर्षभर उजवीकडेच का जात होता

मंडळी, आज सकाळी खारघरला माझा गोल्फचा चेंडू पहिल्यांदा सरळ गेला.

वर्षभर तो उजवीकडेच जायचा. नवरा बरा खेळतो, त्यामुळे मी स्टिक उचलली की त्याची कॉमेंट्री सुरू. "गुडघे वाकव. खांदा वळव. कोपर आत घे. घाई नको." आजचा दिवस खेळायचं आणि मग बंद, असं ठरवूनच मी घरातून निघाले होते.

आमच्या स्टिकांची बॅग वाहणारे कॅडी बळीरामदादा साठीचे आहेत, इथल्याच गावातले. माझे आठ चेंडू वाया गेल्यावर ते नवऱ्याला म्हणाले, "सायेब, तुमी जरा चाय पिऊन या."

तो तोंड वाकडं करून गेला. मग दादा माझ्याकडे वळले. "मॅडम, एकच सांगतो. बॉल उडायच्या आदीच तुमी वर बगता. मारल्यावर पन नजर खालीच ठेवा. बॉल मी बगतो."

मी मारला. हाताला काही जाणवलंच नाही, इतका हलका बसला. मान खालीच होती. दादा ओरडले, "गेला! सरल गेला!" डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

नवऱ्याने लांबून पाहिलं होतं. आल्या आल्या म्हणाला, "बघ, खांदा वळव म्हणून कधीचा सांगतोय!" दादा आणि मी पोट धरून हसलो.

संध्याकाळी लेकीला स्कूटर शिकवायला गेले. पहिल्या वळणापर्यंत माझ्याच पाच सूचना देऊन झाल्या होत्या.

तुम्हाला जमतं का हो, शिकवताना गप्प राहायला?