उभ्याने ओलांडायचे पाणी

"डासांना भेटायला एवढ्या लांब कशाला जायचं?" सुपारी कातरता कातरता दादा म्हणाला आणि अडकित्त्याच्या पुढच्याच आवाजात त्याने निकालही देऊन टाकला. "जायचं नाही."

माझ्या हातात क्रूझचे माहितीपत्रक होते. पनवेलच्या माझ्या मैत्रिणीने आम्हा दोघींसाठी एक केबिन राखून ठेवले होते. एम.ए.ला आम्ही एकाच बाकावर बसून कविता शिकलो आणि पुढे दोन वेगळ्या गावांत जन्मभर शिकवली. मुंबईहून निघायचे, कोची, लंका, मालदीवची बेटे आणि परत; त्यातले तीन दिवस जमिनीवर, उरलेले पाण्यावर. मी एकसष्ट वर्षांची, लग्न न केलेली, दिवेआगरला आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत थोरल्या भावाच्या आणि वहिनीच्या सोबत राहणारी बाई. परवानगी मी मागितलीच नव्हती. पत्रक फक्त वाचून दाखवत होते. तरी नकार आलाच. न मागता मिळणाऱ्या गोष्टी आमच्या घरी पुष्कळ आहेत.

दादाच्या नकाराला कारण होते, हे मला नाकारता येणार नाही. वादळाने आमची वाडी आडवी केली, त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. उन्मळलेल्या झाडांच्या मुळांनी जमिनीत जे खड्डे सोडले होते, त्यांत पाणी साठले होते. वर आभाळ मोकळे झाल्याने त्या पाण्यात उजेड पडे. मला ते खड्डे सुंदर वाटत. गौरी-गणपती उरकले आणि मला ताप आला. हाडांच्या आत कुणी ओले दोर पिळावेत तसे अंग दुखू लागले. डोळे हलवले तरी डोळ्यांमागे कळ उठे. तो डेंगी होता.

पाचव्या दिवशी मला अलिबागला न्यायचे ठरले. दिघीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत आमची जीप कितीतरी वेळ उभी होती. मग साखळ्यांचा आवाज झाला, चाकांखाली लोखंड वाजले, डिझेलचा आणि सुक्या मासळीचा एकत्र वास आला आणि खालचे जग हळूहळू डोलू लागले. खाडी सुरू झाल्याचे मला त्या डोलण्यावरूनच कळले. डोळ्यांसमोर होते फक्त जीपचे छत. त्याचे कापड एका कोपऱ्यात फाटले होते आणि आतला पिवळा स्पंज दिसत होता. दिघीपासून खाडीपलीकडच्या आगरदांड्यापर्यंत तो स्पंज मी पाहत राहिले.

आयुष्यभर किनाऱ्यावरून मी जहाजे पाहिली. पाण्याविषयी वर्गात तासन् तास बोलले, लाटेच्या लयीवर मुलांना टिपणे दिली. आणि ज्या दिवशी पाण्याने मला खरोखर वाहून नेले, त्या दिवशी मी आडवी होते. बरी होऊन घरी परतले तीही मागच्या सीटवर, डोळे मिटून. पुढचे दोन महिने भिंतीला धरून चालताना एकच गोष्ट मनाशी घट्ट होत गेली: एकदा समुद्र ओलांडायचा. उभ्याने.

म्हणून दादाचा नकार मी ऐकला आणि पत्रक उघडून पुढचे पान वाचायला घेतले.

दुसऱ्या दिवशी वहिनी मच्छरदाणी घेऊन आली. माळ्यावरची, डांबराच्या गोळ्यांचा वास असलेली, चारही कोपऱ्यांना नवी नाडी ओवलेली. तिची माझ्या बाजूने बोलायची हीच रीत. तोंडाने कधीच नाही.

"वन्सं, जाणारच असाल तर ही न्या. जहाजात खुंट्या असतील ना?"

"अगं, डेंगीचा डास दिवसा चावतो. मी काय दिवसभर मच्छरदाणी पांघरून हिंडू?"

"हिंडा की! लंकेत कोण ओळखतंय तुम्हाला?"

मात्र डास केव्हा चावतो, कुठे चावतो आणि पुन्हा चावला तर काय होते, हे नीट जाणून घेतल्याशिवाय मला जायचे नव्हते. अज्ञानातून आलेले धैर्य मला कधीच आवडले नाही, कवितेतही नाही. मी एसटीने श्रीवर्धनला गेले, माझ्या तापाचे जुने कागद घेऊन. तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलतात आणि समोरच्याकडे पाहून बोलतात. त्यांनी कागद वाचले.

"डेंगीचे विषाणू म्हणजे चार भाऊ आहेत, बाई. एकाशी तुमची गाठ पडलीय. तो सहसा पुन्हा त्रास देत नाही. पण उरलेल्या तिघांपैकी कुणी आला, तर पहिल्या ओळखीचाच उपद्रव होऊ शकतो. दुसरा ताप जास्त जड जाऊ शकतो. जाईलच असं नाही, पण जाऊ शकतो."

"म्हणजे मी जाऊ नये?"

"असं मी कुठे म्हटलं?" त्या पहिल्यांदाच हसल्या. "ते तिघं दिवेआगरला येत नाहीत, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

खिडकीबाहेर कुणीतरी पाण्याच्या पिंपावर फळी झाकत होते. फळी पिंपापेक्षा आखूड होती.

मग त्यांनी माझ्या प्रवासाचे एकेक पान उलगडले. भर समुद्रात डासाचे भय जवळजवळ नाही. तो फार लांब उडणारा जीव नव्हे. जहाज बंदराला लागते तेव्हा आणि आपण जमिनीवर उतरतो तेव्हा सांभाळायचे. सकाळच्या पहिल्या प्रहरी आणि उन्हे कलताना अधिक. अंगभर कपडे, पायाची बोटेसुद्धा झाकलेली, उघड्या त्वचेवर मलम, आणि घामाने ते गेले की पुन्हा. हिवतापाचा डास रात्रीचा, त्याची चिंता बंद केबिनमध्ये कमी. चिकनगुनियाचा मात्र दिवसाचाच, म्हणजे पुन्हा तेच मलम. ताप आलाच तर पॅरासिटामॉलखेरीज दुखण्यावरची कुठलीही गोळी घ्यायची नाही. परतल्यावर दोन आठवड्यांत अंग तापले तर पहिल्याच दिवशी यायचे आणि कुठे कुठे जाऊन आलो ते आधी सांगायचे.

"निघायचं कधी आहे?"

"कार्तिकात."

"आपला पाऊस संपतो तेव्हा तिकडे परतीचा जोरात असतो. माघात जा. साठलेलं पाणी कमी असेल. भय संपणार नाही, कमी होईल." कागद परत देताना त्यांनी विचारले, "मागच्या वेळी घरातून निघून मोठ्या हॉस्पिटलात पोचायला किती वेळ लागला होता?"

मी सांगितले.

"जहाजावर डॉक्टर असतो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मैत्रिणीने तारीख पुढे ढकलली. "तुझ्या एका डासापायी माझी दिवाळीची खरेदी फुकट गेली," एवढेच म्हणाली.

दादाला हे सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "इथे आपलं घर आहे. इथे काही झालं तर आपण आहोत. तिकडच्या पाण्याचा काय भरवसा?"

तेव्हा मात्र मला राहवले नाही. आमच्या गावात शनिवारी कोरडा दिवस असतो. घरातले साठवणीचे पाणी ओतायचे, भांडी घासून वाळवायची. पाळतात थोडे, विसरतात फार. मी म्हटले, "या शनिवारी आशाताई आली की तिच्याबरोबर आपण तिघांनी सगळी वाडी फिरायची. आपल्या पाण्यात एकही अळी सापडली नाही, तर मी जाणं रद्द करते."

"कबूल," दादा म्हणाला. वाडीची स्वच्छता हा त्याचा अभिमान आहे.

आशाताई म्हणजे आमच्या भागात घरोघर फिरून ताप-खोकल्याची चौकशी करणारी बाई. शनिवारी ती हातात बॅटरी घेऊन आली. विहिरीत गप्पी मासे होते, तिथे काही सापडले नाही. दादाने माझ्याकडे पाहिले. पाण्याची दगडी दोणीही कोरडी होती. त्याने पुन्हा पाहिले. मग आम्ही पोफळींत शिरलो. पोफळीचे पान गळते तेव्हा बुंध्याकडचे रुंद, होडीसारखे आवरण त्याच्यासोबत खाली येते. त्याला आम्ही विरी म्हणतो. लहानपणी एकीने विरीत बसायचे आणि दुसऱ्याने ओढायचे, असा आमचा खेळ होता, दादा ओढायचा. तशा पाच-सहा विऱ्या कुंपणाशी उताण्या पडल्या होत्या, आणि प्रत्येकीत शिंपण्याचे ओंजळभर पाणी. आशाताईने बॅटरीचा झोत टाकला. पाण्याच्या पापुद्र्याला उलट्या लटकलेल्या बारीक अळ्या झोत पडताच तळाकडे वळवळत गेल्या.

"ह्ये बगा, दादानू. पाळणाच हाय."

पायानेच दादाने एक विरी पालथी केली.

पुढच्या अंगणात वहिनीची कमाई होती. आमच्याकडे पाहुणे उतरतात. त्यांच्या स्वागताला वहिनी पितळेच्या पसरट परातीत पाणी भरून जास्वंदी आणि चाफा तरंगत ठेवते. आशाताई तिथे वाकली.

"त्याला हात लावू नको गं," वहिनी ओरडली. "पाहुणे फोटो काढतात त्याचे!"

"फोटोत अळ्या येत न्हाईत, वहिनी. फुलं छान हायत, पन खाली बगा."

मी हसले. मोठ्याने हसले, आणि ते मला लगेच भोवले. आशाताई माझ्या खोलीत शिरली. लिहायच्या टेबलावर निळ्या काचेच्या बाटलीत मनीप्लांटची वेल आहे. सकाळचे ऊन त्या काचेतून माझ्या कागदावर उतरते, त्या निळ्या डागावर मी किती ओळी लिहिल्या आहेत. तिने बाटली उजेडाकडे धरली. आत, मुळांच्या पांढऱ्या धाग्यांमध्ये, अळ्या होत्या.

दादाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा आनंद उमटला. "घे! बाईंच्या कवितेत डास!"

बाटली मीच मोरीत ओतली आणि आतून घासली, कारण अंडी काचेला चिकटून कोरडीही टिकतात, असे आशाताई सांगत होती. हात चालत होता आणि मनातली शेवटची शंका फिटत होती. भीती मला समुद्रापलीकडची घातली जात होती; धोका माझ्या कोपराशेजारी, वीतभर अंतरावर, माझ्याच हौसेने पोसला जात होता. घरी राहणे म्हणजे धोका टाळणे नव्हे. घरी राहणे म्हणजे फक्त तो न पाहणे.

त्या संध्याकाळी मी पत्रक पुन्हा काढले. लंकेत उतरल्यावरच्या सहलींत एक होती: 'हिरव्यागार नारळी-पोफळीच्या बागेत सायंकाळचा फेरफटका.' सोबत फोटो. परदेशी बाई हसते आहे आणि तिच्या पायांशी, कुणाचेही लक्ष जाणार नाही अशी, एक उताणी विरी. आत पाणी चकाकते आहे. जन्मभर पोफळींत वावरलेल्या बाईलाच ती दिसावी. मी मैत्रिणीला फोन केला. "ही सहल माझ्या नावाने घेऊ नकोस. पोफळी पाहायला मी लंकेला जाणार नाही, आणि तिन्हीसांजेला तर नाहीच. मी डेकवर बसेन." सकाळी उशिरा शहरातून फिरणे मात्र मी ठेवले. सगळेच टाळायचे तर जायचे कशाला?

दादा दारात उभा होता. त्याने ऐकले होते.

"तुला आठवतं का, फेरीबोटीत तू काय विचारत होतीस?" त्याने विचारले.

मला आठवत होता तो फक्त स्पंज.

"'किनारा आला का?' सारखं तेच. मी म्हणायचो, आला, आला. आला नव्हता." तो अडकित्ता शोधू लागला, जो त्याच्या हातातच होता. "मीही त्या दिवशी पाणी पाहिलं नाही. तुझं डोकं मांडीवर होतं."

तीन वर्षे त्याने हे मला सांगितले नव्हते. क्षणभर माझा निश्चय डळमळला, हे मी लपवत नाही. त्याच्या त्या भीतीत माझ्यावरची किती माया होती! पण मायेसाठी पुन्हा आडवे व्हायचे, हे मला मान्य नव्हते.

"दादा, मी जाणार."

"माहीत आहे." मग तिरसटपणे म्हणाला, "अलिबागपर्यंत सोडतो. पुढे तुझं तू."

माघातली ती सकाळ स्वच्छ होती. वहिनीने मच्छरदाणी माझ्या नकळत बॅगेच्या तळाशी घातली होती. ती मला जीपमध्ये बॅग उचलताना वासावरून कळली, आणि मी ती राहू दिली. दिघीला बोट लागलेलीच होती. साखळ्या वाजल्या, चाकांखाली लोखंड वाजले. सारे आवाज ओळखीचे. छताच्या त्या कोपऱ्यावर दादाने कधीतरी चिकटपट्टी लावली होती. बोट हलली तशी मी दार उघडले.

"आत बस," दादा म्हणाला. "दिवसाच चावतो म्हणालीस ना?"

मी उतरले. लांब बाह्यांचा झंपर, बंद बूट, हातांना मलमाचा लिंबासारखा उग्र वास. कठड्याशी गेले. गार, खारट लोखंड तळहातांना लागले. खाडी हिरवी होती. मला वाटले होते त्याहून कितीतरी रुंद. पाणी बोटीखालून चिरत जात होते आणि मागे पुन्हा जुळत होते. मुखाकडे जलदुर्ग काळा उभा होता, आणि त्याच्या पलीकडे मोकळे, अनावर पाणी. पायांखाली इंजिन घुमत होते. मी कठडा सोडून पाहिला. उभी राहिले.

मागून जीपचे दार वाजले. दादा येऊन शेजारी उभा राहिला. बराच वेळ दोघेही पाणी पाहत होतो.

"मानेला लावलंस का?" त्याने विचारले.

मानेला लावायचे राहिले होते. मी ट्यूब काढली आणि लावले. उभ्यानेच.