बसमधली कुडाची भिंत

२०१६ साली आमच्या वाडीत बस येऊन उभी राहिली, तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी काहीतरी आम्हा नवराबायकोचं होईल. नवरा नुकताच नोकरीतून निवृत्त झाला होता. तलासरीच्या हायवेवरच्या एका भंगारवाल्याकडून त्याने शाळेची जुनी पिवळी बस उचलली, डहाणूला आणून चिकूच्या झाडाखाली लावली आणि जाहीर केलं, "हिचं आतून घर करायचं. सुतार नाही, मेस्त्री नाही. सगळं आपल्या हाताने."

या आपल्या हातांत माझे हात नव्हते. होते ते त्याच्या मोठ्या बहिणीचे.

ताई वाणगावला राहायच्या. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने हजर, पदर खोचूनच. या भावाबहिणीने लहानपणी गोठ्यापासून मांडवापर्यंत सगळं मिळून उभारलेलं. त्याने प्लायवूडचं एक टोक उचललं की दुसरं ताईंच्या हातात असायचंच, बोलायची गरजच नाही. दोघांनी बाकडी उपटली, गंज खरवडला, पलंग बसवला, त्याखाली खण केले. मी चहा देत होते. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी कित्येक वर्षं सुतळीने बांधलेली, आणि बसच्या प्रत्येक कपाटाला वापीहून आणलेल्या पितळी कड्या! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

ओट्याची उंची ठरवायची होती त्या दिवशी मी मुद्दाम समोर जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "थांब, ताईला विचारतो." ओटा ताईंच्या उंचीचा झाला. मी जळले, पण भांडायची सोय नव्हती, कारण ताई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर किती बरं झालं असतं.

सगळ्या सीटांतली एकच ठेवली होती, ड्रायव्हरच्या शेजारची. समोर मोठी काच, सगळा रस्ता आपला. दुसऱ्याला मागचा पलंग. पहिली फेरी माझ्या माहेरी, उधव्याला करायची हे ठरलं होतं, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आईच्या दारात बस थांबेल तेव्हा त्या सीटवरून मी उतरले पाहिजे, ताई नाही.

त्यासाठी बसमध्ये माझं काहीतरी असायला हवं होतं. ड्रायव्हरच्या मागे आडभिंत घालायची राहिली होती, आणि उन्हाने पत्रा तापून आत नुसती भट्टी व्हायची. मी म्हटलं, "आमच्याकडे घराला कुडाच्या भिंती असतात. कारवीच्या काठ्या बांधायच्या, वर शेणमातीने लिंपायचं. वैशाखातसुद्धा आत गारवा. आडभिंत मी करते."

ताई हसल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "घर जागेवर असतं गं. ही चालणार."

झालं. आता तर मी करणारच होते. माझ्या भावाने उधव्याहून कारवीचा भारा पाठवला. मी काठ्या आवळून बांधल्या, माती, शेण आणि भाताचं तूस पायांनी मळलं, दोन्ही बाजूंनी लिंपलं, तळव्याने गुळगुळीत केलं. ताईंनी पाण्याची बादली आणून ठेवली, ती बाजूला सारून मी माझी दुसरी भरून आणली. भिंत वाळल्यावर नवरा तिच्यावरून हात फिरवत म्हणाला, "वा!" त्या बसमध्ये मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "माझी भिंत, माझं माहेर. पुढे मी बसणार."

"बस की," ताई म्हणाल्या, आणि निघायच्या दिवशी मागे पलंगावर जाऊन बसल्या. इतक्या सहज, की जिंकल्यासारखंही वाटेना.

तलासरीपर्यंत हायवे होता. मी काचेतून रुबाबात बघत होते. उधव्याच्या रस्त्याला लागलो, पहिला स्पीडब्रेकर आला आणि मागे धप्पकन आवाज झाला. काय पडलं ते मला कळलं. मी मान वळवली नाही. पुढच्या खड्ड्यात पुन्हा धप्प.

"काय गं ते?" नवऱ्याने विचारलं.

"डबा असेल," मी म्हटलं.

आईच्या दारात मी त्या सीटवरून उतरले खरी, पण बघितलं कोणी? सगळे आत डोकावत होते. ताई भिंतीला दोन्ही तळवे आणि एक खांदा लावून उभ्या होत्या. केसांत माती, पदरात ढेकळं. "अर्धी धरून ठेवली गं," त्या म्हणाल्या. "लिंपली छान होतीस."

माझ्या आईने, सख्ख्या आईने, आधी त्यांच्या हातांवर पाणी घातलं, केसांतली माती वेचली आणि पहिली गरम भाकरी त्यांच्या पानात वाढली. मी शेजारीच बसले होते. नवरा यांचा, ओटा यांचा, आता आईसुद्धा यांची. माझी म्हणून एक भिंत होती, तीही यांच्याच हातांवर उभी.

निघताना मी पुढच्या सीटकडे वळले, तर ताई मागे निघाल्या. "मी धरते, घरापर्यंत टिकेल."

ते मला सहन झालं नाही. "काही नको! माझी भिंत आहे, मीच धरणार. तुम्ही पुढे बसा."

"अगं, पण..."

"बसा म्हटलं ना!"

त्या बसल्या. मी भिंतीला दोन्ही हात रेटून उभी राहिले. दर खड्ड्याला डोक्यावर माती सांडत होती. पलीकडचे दोघं दिसत नव्हते, ऐकू मात्र सगळं येत होतं.

"ताई, पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

"अगं, ऐकलंस का? पडदे कोणते?" तो ओरडला.

बस आल्यापासून त्याने पहिल्यांदा माझी आवड विचारली होती. मला निळे हवे होते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात खड्डा आला आणि वरचं ढेकूळ थेट माझ्या तोंडावर फुटलं. मी थुंकत, खोकत राहिले. हात काही भिंतीवरून काढले नाहीत.

"काही बोलत नाही," नवरा म्हणाला. "तूच सांग, ताई."

पडदे हिरवे झाले.